गोठ्यातले प्रश्न : दगडी, काविळीची माळ आणि पिसाळलेलं कुत्रं

या खेपेला आलेली निम्मी पत्रं झाडपाल्याची आहेत. पावसाळ्यात असं होतंच. वाट चिखलाची, जनावरांचा दवाखाना आठ किलोमीटरवर आणि परसातला अडुळसा डोळ्यांसमोर, मग माणूस आधी अडुळशाकडेच जाणार. मी ३१ वर्षं खानापूर, हुक्केरी आणि चिकोडी तालुक्यांत जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो, आणि माझी आजी जांबोटीच्या बाजूची, झाडपाला देणारी. दोन्हीकडून बोलणी खायची मला सवय आहे. माणसांच्या दुखण्याबद्दल मात्र थोरल्या सुनेला विचारून लिहितो. ती एमडी आहे. तिनं खोडलेलं इथं येत नाही.

प्रश्न : माझी एचएफ (होल्स्टीन जातीची) गाय दुसऱ्या वेताची आहे. उजवीकडचा मागचा सड सुजला, दुधात गाठी यायला लागल्या. मोबाईलवर बघून कोरफड, हळद आणि चुना वाटून लावला. दुसऱ्या दिवशी कास लालभडक झाली, तिसऱ्या दिवशी कातडी सोलली. आता गाय हात लावू देत नाही. घरातले म्हणतात, झाडपाल्याच्या नादाला लागलास. चूक कुणाची? (हुक्केरी तालुका)

उत्तर : पत्राखाली नंबर होता म्हणून तुम्हाला फोन केला, ते बरं झालं. पत्रात तुम्ही नुसतं ‘चुना’ लिहिलं होतं. फोनवर म्हणालात, घराला द्यायला आणलेल्या गोणीतला घेतला, मूठभर. कळीचा चुना होता तो! ओल लागली की तो तापतो. कोरफडीच्या गरात पाणीच पाणी, त्यात तुम्ही तो घातलात आणि गायीच्या सगळ्यात नाजूक कातडीवर थापलात. कोरफड आणि हळद बिचाऱ्या निर्दोष आहेत.

आता औषध नीट सांगतो, कारण औषध चांगलं आहे. आणंदचं राष्ट्रीय डेअरी विकास मंडळही कासदाहावर, म्हणजे आपल्या दगडीवर, हेच सांगतं. कोरफडीचं पान २५० ग्रॅम, काटे काढून. हळद ५० ग्रॅम. चुना १५ ग्रॅम, तोही पानाला लावायचा, डबीतला, विझवलेला. पंधरा ग्रॅम म्हणजे किती हे हातानं कळत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा तोलून घ्या आणि तेवढा कुठल्या चमच्यात मावतो ते बघून ठेवा. तिन्ही एकत्र वाटलं की लेप तांबडा होतो. घाबरू नका. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुन्या बायका कुंकू असंच करायच्या. त्यातला मूठभर लेप घ्यायचा, १५०–२०० मिली पाण्यात पातळ करायचा, कास धुऊन, सड पूर्ण पिळून काढून, सगळ्या कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस, आणि लेप रोज ताजा. जोडीला लिंबं कापून खायला देतात.

दहा वेळा म्हटलं की लोक हसतात. तुमच्या शेजारच्या गावात एका वहिनींनी मला सांगितलं होतं, ‘साहेब, सकाळी लावलं, सांजेला लावलं, गुण काय नाही बघा.’ दोनदा लावून दहाचा गुण कसा येणार? गोळी दिवसातून तीनदा लिहिली असेल तर आपण तीनदा घेतो. लेपाला मात्र आपण सवडीनुसार वागवतो.

आणि हे औषध कधी पुरत नाही तेही ऐका. गायीला ताप आहे, वैरण टाकलीय, दुधाऐवजी पिवळं किंवा तांबूस पाणी येतंय, सड गार पडून निळसर व्हायला लागलाय, असं काही दिसलं तर कोरफड कापत बसू नका. तासाभरात डॉक्टर हवा. १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना येतो. सडात सोडायची ट्यूब घातली तर ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीत घालू नका, घरातही पिऊ नका.

तुमच्या गायीला आता लेप बंद. कोमट पाण्यानं धुवा, सोललेल्या जागी खोबरेल लावा, आणि गाठी अजून येतात म्हणालात तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. बरी झाली की धार काढायची पद्धत बघा. अंगठा दुमडून सड ओढणारे गडी मी आयुष्यभर बघितले. सड आतून तिथंच दुखावतो. धार झाल्यावर गायीपुढे वैरण टाका, म्हणजे अर्धा तास ती उभी राहील. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, आणि ती लगेच शेणात बसली की शेण आत.

गाठी दिसायच्या आधीच रोग ओळखायचा असेल तर घरची एक युक्ती आहे. अर्ध्या लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. वाटीत थोडं दूध, तेवढंच हे पाणी, आणि वाटी गोल फिरवा. दूध शेंबडासारखं तार धरायला लागलं की त्या सडात काहीतरी शिजतंय. चारही सड वेगवेगळे तपासा, आणि वाटी नंतर कशाला वापरू नका.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला कावीळ झाली. सासूबाई त्याला माळ घालणाऱ्याकडे घेऊन गेल्या. गळ्याशी असलेली माळ आठ दिवसांत पोटापर्यंत आली. हात धुवून घेतले तर पिवळं पाणी पडलं, मी स्वतः बघितलं. महिन्यात मुलगा बरा झाला. माझी शिकलेली भावजय म्हणते हे थोतांड आहे. मग डोळ्यांनी बघितलं ते काय? (निपाणी)

उत्तर : ताई, तुम्ही बघितलं ते खरंच घडलं. मीसुद्धा बघितलंय. हुक्केरीला असताना अशी एक माळ मिळवून मी ती उसवली होती. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, बोटाच्या पेराएवढ्या ओल्या काड्या आणि प्रत्येक काडीभोवती दोऱ्याचा फास. मग तशीच माळ मी स्वतः केली आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवली. तिसऱ्या दिवशी माळ खाली दावणीला टेकली. खुंटीला कावीळ झालेली नव्हती. काड्या वाळतात, बारीक होतात, फास सैल पडतो आणि काडीला गुंडाळलेला दोरा मोकळा होतो, तेवढी माळ लांबते. दुसरी माळ आधीच वाळवलेल्या काड्यांची केली, ती आठ दिवसांत बोटभरही हलली नाही. बायकोनं विचारलं, हे नोकरीचं काम आहे का? असो.

पिवळ्या पाण्याचं तर आणखी सोपं. आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचं पाणी चोळतात आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. भावजयीला म्हणा, त्यांच्या निरोगी हातांवर करून बघा, त्यांचीही ‘कावीळ’ उतरेल.

मुलगा बरा कसा झाला? दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक तरुण माणसांत काही आठवड्यांत आपली आपण उतरते. माळ घातली तरी उतरते, नाही घातली तरी. म्हणून माळवाल्याचं नाव होतं. ज्यांची उतरत नाही ते त्याच्याकडे परत जात नाहीत, दवाखान्यात जातात किंवा कुठंच जात नाहीत.

माळ गळ्यात आहे म्हणून नुकसान काही नाही. नुकसान होतं ते माळेच्या भरवशावर घालवलेल्या दिवसांनी. सुनेनं इथं तीन गोष्टी लिहायलाच लावल्या. एक, गरोदर बाईला कावीळ झाली, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. ‘ई’ प्रकारच्या काविळीत अशा बायका दगावतात. दोन, रोगी असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून राहून रात्री जागा राहू लागला किंवा रक्त पडू लागलं तर वाट बघू नका. तीन, नाकात थेंब घालून ‘पिवळं पाणी काढणारे’ आहेत, त्यांच्या दारातही जाऊ नका. ते बहुधा देवडांगरीचं, म्हणजे एका कडू वेलाच्या फळाचं, पाणी असतं. नाकाची आतली कातडी भाजते आणि जे वाहतं ते तिचंच पाणी. काहींच्या नाकातून रक्ताची धार लागते.

चौथी गोष्ट माझी, गोठेवाल्याची. खानापूरकडं भात लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि मग पिवळे. ही लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, कावीळ असू शकते. उंदराच्या आणि जनावरांच्या मुतातून चिखलात, चिखलातून पायाच्या भेगांत. तिला औषध आहे, साधं आणि स्वस्त आहे, पण ते लवकर सुरू झालं पाहिजे. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ‘मी लावणीला होतो, घरात जनावरं आहेत.’ शहरातला डॉक्टर आपण होऊन हे विचारेलच असं नाही.

जनावराचे डोळे पिवळे आणि लघवी कॉफीसारखी असेल तर ते गोचिडातून आलेलं रक्तातलं जंतूचं दुखणं असतं, बहुतेक संकरित गायींत. तिथं भुईआवळी वाटून पाजण्यात घालवलेला दिवस गायीला महागात पडतो. याचं इंजेक्शन वेगळं आहे आणि ते कुठलं द्यायचं हे रक्त तपासून कळतं.

प्रश्न : आमच्या रेडीच्या मागच्या पायाला पिसाळलेलं कुत्रं चावून वीस दिवस झाले. शेजारच्या गावात एकजण दुधातून मुळी देतो, २१ दिवस पथ्य असतं. ती दिली. रेडी एकदम ठीक आहे. आता सुया देण्याची गरज आहे का? (खानापूर तालुका)

उत्तर : आहे, आणि ती वीस दिवसांपूर्वीच होती. आजच जा. कुत्रं चावलेल्या जनावराला लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. शून्यावा दिवस म्हणजे पहिली सुई दिली तो दिवस, चावल्याचा नव्हे. तुम्ही उशीर केलाय, तरी जा आणि सगळं सांगा. वीस दिवस ठीक असणं म्हणजे काहीच नाही. जनावरात हा रोग तीन आठवड्यांनी दिसतो, कधी कित्येक महिन्यांनी. मुळीवाल्याचे २१ दिवस म्हणजे रोग उगवायच्या आत दिलेला दाखला.

त्याला गुण येतो असं लोकांना का वाटतं? चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, आणि पिसाळलेलं चावलं तरी प्रत्येकाला रोग होतोच असं नाही. जे वाचतात ते मुळीचं नाव घेतात. ज्याला रोग उठला तो वाचत नाही, जनावरही नाही, माणूसही नाही.

माझीच गोष्ट सांगतो. १९८९ चा पावसाळा. नोकरीत नवा होतो. एक म्हैस लाळ गाळतेय, खात नाही, घसा बसल्यासारखी हंबरते. मालक म्हणाला, ‘साहेब, घशात आंब्याची कोय अडकलीया.’ मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. हातमोजा नव्हता, आणि सकाळीच कुंपणाच्या तारेनं मनगटावर ओरखडा काढला होता. कोय सापडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हैस भिंतीला धडका मारत होती, तिसऱ्या दिवशी गेली. मेंदू तपासायला पाठवला, रेबीज निघाला. त्या काळी लस पोटात टोचायचे, चौदा दिवस चौदा. मी घाबरून आजीकडे गेलो होतो, तेवढी मुळीही घेऊन टाकावी म्हणून. ती चुलीपुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘कुत्र्याच्या इषावर माझ्याकडं काय न्हाई रे बाळा. सुया घे जा.’ ऐंशीच्या पुढची होती, सही यायची नाही.

म्हणून आता तुमचं : रेडीच्या तोंडात कुणीही हात घालू नये. जनावर पाण्याला घाबरलं नाही म्हणजे रोग नाही, असं समजू नका. म्हैस पाणी पिऊ बघते, तिला गिळता येत नाही एवढंच. घरात कुणाला त्याच कुत्र्यानं नख जरी लावलं असेल तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ दवाखाना. हळद, चुना, मिरची, तंबाखू, काही भरायचं नाही. निपाणीच्या बाजूला तंबाखू भरायची पद्धत मी बघितलीय, म्हणून मुद्दाम लिहितो.

प्रश्न : साप चावल्यावर तुमच्या आजी काय द्यायच्या? (जांबोटी)

उत्तर : जीप बघा म्हणायची. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी, म्हणून मुळ्यांना यश येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर सापाची लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. घाटातल्या हिरव्या चापड्यावर तिचा उपयोग होत नाही, तरीही दवाखान्यातच जायचं, कारण सूज आणि रक्त तिथं सांभाळतात. २०२४ पासून कर्नाटकात साप चावल्याची प्रत्येक घटना दवाखान्यानं सरकारला कळवायची आहे. आवळून बांधू नका, चिरू नका, पाय हलवू देऊ नका.

प्रश्न : लग्नातला उरलेला भात बैलाला घातला. पोट फुगलं. पावशेर गोडेतेल पाजलं तर खोकत राहिला आणि चौथ्या दिवशी गेला. तेल वाईट होतं का? (चिकोडी तालुका)

उत्तर : वाईट वाटलं वाचून. तेल बहुधा वाईट नसावं, पाजणं चुकलं असावं. आपल्याकडं जीभ बाजूला ओढून धरतात आणि तोंड आभाळाकडे करून नळकांडं ओततात. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही, औषध फुप्फुसात जातं. पाजल्यावरचा खोकला आणि नंतर धाप, हे त्याचंच लक्षण. मान सरळ ठेवा, फार तर थोडी वर, जीभ मोकळी, एका वेळी घोटभर, आणि खोकलं की थांबा.

शिवाय ही फुगी तेलाची नव्हती. ओल्या लसूणघासानं फेस होऊन पोट फुगतं तेव्हा तेल कामाचं. भात, पोळ्या, जिलेबी अशा उष्ट्यानं पोटात आम्ल होतं, तिथं खाण्याचा सोडा पाण्यातून देतात आणि डॉक्टर सलाईन लावतो. डावी कूस नगाऱ्यासारखी ताठ झाली आणि जनावर धापायला लागलं तर घरगुती काही करू नका, तिथं सुई घालून वायू सोडावा लागतो. लग्नसराईत गावातल्या वाढप्यांना आधीच सांगून ठेवा, उष्टं गोठ्यावर टाकू नका.

प्रश्न : गुडघेदुखीवर एक आयुर्वेदिक पुडी घेते. सहा वर्षांचं दुखणं दोन दिवसांत थांबलं. आता तोंड भरल्यासारखं दिसतं, साखर वाढलीय. पुडी बंद करू का? (बेळगाव)

उत्तर : हे उत्तर सुनेचं, जसंच्या तसं. सहा वर्षांचं दुखणं दोन दिवसांत थांबवणारी बिननावाची पुडी म्हणजे तिच्यात स्टिरॉइड असण्याची दाट शंका. भरलेलं तोंड आणि वाढलेली साखर त्याच्याच खुणा. पण पुडी एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबलेलं असतं, एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो. उरलेल्या पुड्या पर्समध्ये घालून या आठवड्यात फिजिशियनकडे जा, ते हळूहळू कमी करतील. मी एवढंच जोडतो : औषध देणाऱ्याला त्यात काय आहे ते विचारा. माझी आजी पान दाखवायची, नाव सांगायची, आणि कन्नड बाई आली तर कन्नडातलं नाव. गुळवेलीला अमृतबळ्ळी, कोरफडीला लोळसर. ‘खानदानी गुपित आहे’ असं म्हणणाऱ्याकडून मी बैलालाही काही घेतलं नसतं.

प्रश्न : तुमच्या आजीचं खोकल्याचं औषध तरी सांगा. प्रत्येक वेळी भीतीच घालता. (येळ्ळूर)

उत्तर : बरं, सांगतो. अडुळशाची पिकायला लागलेली सात पानं, कन्नडात आडुसोगे. चुलीवर तवा तापवून पानं मऊ होईपर्यंत शेकायची, फडक्यात पिळून रस काढायचा. चमचाभर रस, आल्याचा अर्धा चमचा, आणि मध किंवा गूळ. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, गरोदर बाईला अडुळसा नाही. दोन आठवड्यांत खोकला गेला नाही तर बेडका तपासून घ्यायचा. येळ्ळूरला पानं मिळाली नाहीत तर माझ्याकडं या, कुंपणाला भरपूर आहे. फक्त बैलगाडी लावून अख्खं झाड नेऊ नका, मागच्या वर्षी एकानं नेलं.